मिनिटाला आठ थेंब

आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात.
मग गन दाबून नळीतला उरलासुरला दाब सोडायचा,
आणि काटा शून्यावर आला तरी
त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.
"अडकतो तो," राजेशममामा म्हणतात,
"खालचा नट अर्धा आटा ढिला कर,
आत काही राहिलंय का बघ."
राहिलं होतं. फुस्स.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, डाय-हाउसच्या मागचा पत्रा.
मे महिन्यातले साडेनऊ म्हणजे दुपारच.
पंपाच्या अंगावर कालच्या टॉवेलांचा किरमिजी शिंतोडा.
तीन प्लंजर, सहा व्हॉल्व्ह, दोनशे बार.
रंगाच्या टाकीच्या तळाला धरलेला थर
हा नुसत्या पाण्यानं खरवडतो.

तेलाची काच पहिली.
गेल्या बुधवारी तेल मधासारखं होतं,
आज दूध जास्त झालेल्या चहासारखं.
पाणी शिरलंय. मधलं सील.
मामा बोटावर घेतात, अंगठ्यानं चोळतात, हुंगतात,
आणि तेरा-चौदाचा पाना मागतात.

पहिल्याच आठवड्यात मी चुकले होते.
पंप चालू, नळीच्या जोडाशी केसाएवढी ओल,
नीट दिसेना म्हणून हात नेला.
"काय करलालीस गं! बोट लावलालीस?"
पलीकडच्या खात्यातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.
त्यांनी टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला,
लांबून धरला त्या ओलीसमोर.
आवाज काहीच नाही.
पुठ्ठ्यावर एक रेघ उमटली
आणि रेघेतून पलीकडची भिंत दिसली.
मग मामांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे उघडले,
ग्रीसनं काळे, दहाच्या दहा बोटं.
"एकतीस वर्षं. हेच माझं सर्टिफिकेट."
आयटीआयचं माझं, लॅमिनेट केलेलं,
त्या दिवशी मी पुन्हा बॅगेतून काढलं नाही.

सिरॅमिकच्या प्लंजरवरून नख फिरवायचं, उभं, मग आडवं.
चीर डोळ्याला दिसत नाही, नखाला अडते.
नाही अडली.
जुनं सील निघालं ते कडेला पापडासारखं,
नवं बसवताना मामांची भाषा बदलते,
घरातली येते: "मेल्लगा, लावण्या, मेल्लगा."
हळू.
ओ-रिंगला पिळा पडू द्यायचा नाही.
चारही बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे,
एकाला आधी खूश केलं की बाकीचे रुसतात.

फ्यूज परत. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला.
आत कुणीतरी उखळात शेंगा कुटतंय.
"हवा ओढतोय. काय करशील?"
"सक्शनचा स्ट्रेनर."
उघडला तर आत टॉवेलांचा बुरा,
ओला, गुलाबी, मांजराच्या पिल्लाएवढा.
धुतला, बसवला. कुटणं थांबलं.

आता ग्लँड.
मला वाटायचं, कोरडी म्हणजे चांगली.
"कोरडी झाली की जळाली. पाझरू दे थोडी."
घड्याळ लावून थेंब मोजते मी
आई विड्या मोजते तशी, ओठ न हलवता.
आठ.
वहीत लिहिते: तेल बदलले. मधले सील नवे. गळती मिनिटाला आठ थेंब, योग्य.
मामा सही करतात तेलुगूत,
सुपरवायझर दर वेळी विचारतो हे काय लिहिलंय.

आज पाचवा दिवस. विडी घरकुलात पाणी रात्री दीडला.
घागरी रांगेत, पातेली, बाळाच्या अंघोळीचा टबसुद्धा.
आमच्या नळाला गेज लावलं
तर काटा जागचा हलणार नाही.
इथं बोट लावलेलं चालतं.
मी तोटीत करंगळी घालून बसते
आधी येतो तो गार वारा बघत.
नळ खोकतो. पुन्हा खोकतो.
आत, फार लांब, कुणीतरी शेंगा कुटतंय.
"स्ट्रेनर," मी म्हणते.
"काय?" आई विचारते, अर्धवट झोपेत.
काही नाही. घागर जरा अलीकडे घे.